चौकातला फळा : 2024 च्या कामाच्या नोंदी

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शहरात, आमच्या पेठेत आम्ही खडूने लिहायचा फळा चालवतो. नगरपालिकेची मुदत संपून प्रशासक आला होता, त्यामुळे 2024 मध्ये वॉर्डात विचारायला नगरसेवक नव्हता. मोबाइलवर निरोप येतात, पण कालचा आणि आजचा एकाच ढिगात, आणि मूळ कोणाचा ते कळत नाही. फळ्यावर पाणी, वीज, रेशन, निधन, हरवलं-सापडलं आणि बंद रस्ता एवढंच असतं. दुसऱ्या पेठांतल्या लोकांनाही असा फळा सुरू करायचा आहे, म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवते आहे.

14 जानेवारी, रविवार

जागा बघायला हिंडलो. सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव चहाच्या टपरीशेजारच्या भिंतीचं. तिथे गर्दी खरी, पण ती पुरुषांची. पाण्याची वेळ ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवी त्या बायका टपरीसमोर थांबत नाहीत, मान खाली घालून पुढे जातात. शाळेची भिंत रुंद आहे, पण संध्याकाळी फाटक बंद. मारुतीच्या पारावर म्हातारी माणसं बसतात, त्यांची पाठ भिंतीकडे असते.

शेवटी पिठाच्या गिरणीची बाहेरची भिंत ठरवली. दळणाचा डबा ठेवून माणसं तिथे नंबर येईपर्यंत उभी असतात, आणि उभ्या माणसाला वाचायला वेळ असतो. माझं सगळ्यांना सांगणं हेच आहे की गर्दीची जागा शोधू नका, ताटकळण्याची शोधा. भिंत उत्तरेकडची आहे, त्यामुळे उन्हाळ्यातली कोवळी-तिरपी किरणं सोडली तर थेट ऊन येत नाही. समोर रस्त्यावरचा दिवाही आहे.

गिरणीवाले काका लगेच हो म्हणाले. तरीही कागदावर सही घेतली.

28 जानेवारी, रविवार

परवानगीचं काम आठवडाभर लांबलं. भिंत खाजगी आहे, पण तोंड रस्त्याकडे. मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्धचा 1995 चा कायदा आहे, उद्या कोणी त्याचा आधार घेऊन हरकत काढायला नको. म्हणून मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज केला. त्यात फळ्याची लांबी-रुंदी, भिंतीच्या मालकाची संमती, जाहिरात करणार नाही आणि पैसे घेणार नाही, एवढं लिहिलं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. उत्तर लेखी आलं नाही, तोंडी 'करा' म्हणाले. पोचेची झेरॉक्स गिरणीत काचेखाली लावून ठेवली आहे. पुढे ती दोनदा उपयोगी पडली.

4 फेब्रुवारी, रविवार

12 मिलिमीटरचं प्लायवूड, सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. वॉर्डातल्या एका माजी नगरसेवकांनी प्लायचा खर्च दिला आणि खाली कोपऱ्यात 'सौजन्य' म्हणून त्यांचं नाव आलं.

रंगात पैसे वाया गेले. दुकानात 'काळा ऑइलपेंटच मारा, सारखंच असतं' असं सांगितलं. अजिबात सारखं नसतं. ऑइलपेंट चकाकतो, खडू त्यावरून घसरतो आणि समोर दिवा असला की अर्धा फळा नुसता लखलखतो. पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून चकाकी काढली आणि ब्लॅकबोर्ड पेंटचे दोन हात दिले. पहिला हात आडवा, दुसरा उभा. मध्ये एक अख्खा दिवस वाळू दिलं.

आमचे चित्रकलेचे निवृत्त सर म्हणाले, आता लगेच लिहायचं नाही. खडू आडवा धरून सबंध फळा पांढरा करायचा, मग कोरड्या फडक्याने पुसायचा. नव्या रंगाची बारीक छिद्रं खडूच्या भुकटीने भरली की मग पहिलं अक्षर लिहायचं. हे केलं नाही तर पहिल्या दिवशीची अक्षरं कायमची उमटून राहतात. एका कोपऱ्यात मुलांनी आधीच नाव लिहिलं होतं, ते प्लाय टाकून देईपर्यंत दिसत राहिलं.

11 फेब्रुवारी, रविवार

लिहायला सुरुवात. अक्षराच्या मापाचं सरांनी गणित घातलं. एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. रस्त्याच्या पलीकडून वाचायचं तर दोन इंच पाहिजे. आपल्या अक्षराला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार असतो, त्यामुळे दोन इंचाच्या अक्षराला ओळीसाठी चार इंच सोडावे लागतात. नाहीतर वरच्या ओळीचा 'सू' आणि खालच्या ओळीचा 'कै' एकमेकांत घुसतात. चार फुटांत तारीख-वार धरून जेमतेम बारा ओळी बसतात.

सुरुवातीला हे फार कमी वाटलं. आता वाटतं, बारा ओळींनीच फळा वाचवला. जागा नाही म्हटलं की काय महत्त्वाचं ते ठरवावं लागतं.

रंगीत खडू आणले होते. लाल आणि निळा संध्याकाळी दिसतच नाही. पांढरा आणि पिवळा, बाकी पेटीत. खडू साखरेच्या पाण्यात थोडा वेळ भिजवून लिहिला की अक्षर ठसठशीत उमटतं आणि येता-जाता बोट लागलं तरी पुसलं जात नाही. मात्र मग पुसायला ओलं फडकं लागतं.

अडचण अनपेक्षित ठिकाणाहून आली: पीठ. गिरणीच्या खिडकीतून उडालेलं पीठ फळ्यावर बसतं आणि दुपारपर्यंत काळ्याचं राखाडी होतं. फळा खिडकीपासून आठ फूट सरकवला. भिंतीतली जुनी भोकं सिमेंटने बुजवून दिली.

25 फेब्रुवारी, रविवार

ही नोंद लांब होणार, कारण सगळ्या कामाचं वळण इथे आहे.

आमच्याकडे पाणी रोज येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी फळ्यावर लिहिलं, 'पाणी उद्या सकाळी 6 वाजता'. माहिती खरी होती, नळाचं पाणी सोडणाऱ्या वॉलमन मामांनी स्वतः सांगितली होती. रात्री पंपाची मोटर जळाली. मामांना रात्री अकराला कळलं, आम्हाला कोणालाच नाही. पेठेतल्या बायका पाचला उठून हंडे-पिंपं धुऊन बसल्या. पाणी आलं नाही. ते तर नेहमीचंच. पण दुपारी एक वाजता दळणाला आलेल्या माणसांसमोर फळ्यावर तीच ओळ होती, 'पाणी उद्या सकाळी 6 वाजता', आणि आता त्या 'उद्या'चा अर्थ रविवार असा होत होता. ती वाचून आणखी काही घरांनी टँकरला नाही म्हटलं.

एक काकू गिरणीत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ऑफिसवर विश्वास नव्हताच, म्हणून पाणी भरून ठेवायचो. तुमच्या फळ्यावर ठेवला म्हणून भांडी रिकामी राहिली."

त्या दिवसापासून पद्धत बदलली. 'आज', 'उद्या', 'परवा' हे शब्द फळ्यावर बंद. फक्त वार आणि तारीख. प्रत्येक ओळीच्या शेवटी लहान अक्षरात, कोणाकडून कळलं आणि किती वाजता कळलं. उदाहरणार्थ: 'पाणी : सोम. 26, सकाळी 6 ते 8. (वॉलमन, रवि. सं. 7)'. आणि गिरणीत ठेवलेल्या वहीत प्रत्येक ओळीसमोर तिसरा रकाना, 'कधी पुसायची'. ती वेळ झाली की ओळ पुसायची, नवीन काही कळलेलं असो वा नसो. रिकामी जागा चालते. शिळी ओळ चालत नाही.

आणखी एक ठरलं. काही कळत नसेल तर तसं लिहायचं. 'पाणी आलेलं नाही. कारण अजून कळलेलं नाही. (सकाळी 7)' ही सुद्धा बातमीच आहे. ती वाचून माणूस निदान दुसऱ्याच्या दारात विचारायला जात नाही, टँकरला फोन करतो.

लिहायला पाच-सहा जण हौसेने तयार असतात. पुसायला कोणी नसतं. म्हणून पुसण्याचं काम आधी वाटून घ्या. आमच्याकडे सकाळचं पुसणं गिरणीवाल्या काकांकडे, गिरणी उघडताना, आणि रात्रीचं समोरच्या मेडिकलवाल्यांकडे, शटर ओढताना. दोघांनाही तसंही तिथे यावंच लागतं.

3 मार्च, रविवार

पल्स पोलिओ. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी बूथ कुठे, किती वाजेपर्यंत, एवढ्या दोन ओळी. आशाताईंनी सांगितलं, त्यांच्यासमोरच लिहिलं, त्यांनी वाचून होकार दिला. सांगणाऱ्याला लिहिलेलं वाचून दाखवायचं, हे तेव्हापासून कायम.

17 मार्च, रविवार

काल लोकसभेची आचारसंहिता लागली. आज सकाळीच नगरपालिकेची माणसं फलक उतरवत आली. सरकारी जागेवरचे राजकीय फलक 24 तासांत, सार्वजनिक ठिकाणचे 48 तासांत आणि खाजगी जागेवरचे विनापरवाना 72 तासांत काढायचे असतात. आमच्या कोपऱ्यात 'सौजन्य' होतंच. सबंध फळा उतरवायला निघाले होते. पोच दाखवली, नाव त्यांच्यासमोर रंगवून टाकलं, फळा राहिला.

संध्याकाळी त्या माजी नगरसेवकांकडे आम्ही स्वतः गेलो. प्लायचे पैसे परत करतो म्हटलं. ते रागावले नाहीत, पैसेही घेतले नाहीत, पण यापुढे कोणाचंच नाव नाही हे मान्य केलं. हा निर्णय पहिल्या दिवशीच घ्यायला हवा होता. नाव असलं की फळा त्या माणसाचा होतो, आणि दुसऱ्या गटाची माणसं त्यावरची पाण्याची वेळसुद्धा दुसरीकडे विचारून खात्री करतात. हे होत होतं. आम्हाला ते नाव गेल्यावरच कळलं, कारण पलीकडच्या आळीतली मंडळी त्यानंतर वाचायला थांबू लागली.

खर्चासाठी गिरणीत डबा ठेवला आहे. खडू आणि फडकी त्यात भागतात. वर्गणी मागायला कोणी जात नाही.

11 एप्रिल, गुरुवार

आज रमजान ईद, परवा पाडवा झाला. मशिदीजवळच्या मोहल्ल्यातले दोन तरुण गेल्या महिन्यात विचारायला आले होते, जनाज्याच्या नमाजाची वेळ फळ्यावर लिहाल का. त्यांच्याकडे मशिदीच्या भोंग्यावरून सांगतात, पण पेठेतल्या ओळखीच्यांना कळत नाही आणि मग दोन दिवसांनी हळहळ वाटते. अर्थातच लिहितो. आता ईदगाहची वेळ आणि त्या वेळी बंद असणारा रस्ताही लिहिला. ती मुलं आता आठवड्यातले दोन दिवस फळा सांभाळतात.

21 एप्रिल, रविवार

निधनाच्या ओळीबद्दल लिहायचं राहिलं होतं. आज लिहिलंच पाहिजे.

बुधवारी सकाळी निरोप आला, अमुक अमुक वारले. नाव-आडनाव लिहिलं, अंत्ययात्रा 11 वाजता. पेठेत त्याच नावाचे, त्याच आडनावाचे दोन गृहस्थ आहेत. एकाचं घर नदीकडे, दुसऱ्याचं तालमीमागे. गेले होते नदीकडचे. कोणीतरी फळ्याचा फोटो काढून पंढरपूरला पाठवला आणि तालमीमागच्या गृहस्थांची बहीण रडत गाडीत बसली. इथे पोचेपर्यंत तिचा फोन लागला नाही. भावाने दार उघडल्यावर ती उंबऱ्यातच बसली.

नाव बरोबर होतं, माणूस चुकला. दोन्ही घरी जाऊन माफी मागितली. नदीकडच्या घरी तर दुःखाचा दिवस, तिथे हे बोलणं फार जड गेलं.

तेव्हापासून निधनाची ओळ अशी: पूर्ण नाव वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह, वय, आळी, अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून निघणार. सांगणारा घरातला किंवा त्या घरी जाऊन आलेला शेजारी हवा. ऐकीव निरोपावर लिहायचं नाही, मग उशीर झाला तरी चालेल. मृत्यूचं कारण कधीच लिहायचं नाही. ओळ डावीकडे सगळ्यात वर, आणि ती असेपर्यंत शेजारी दुसरी आनंदाची सूचना नाही. सावडण्याची वेळ कळली की तीच ओळ पुसून तिथे लिहायची.

फोटो कोणी काढणारच, त्याला इलाज नाही. म्हणून तारीख प्रत्येक ओळीत असायला हवी, फक्त फळ्याच्या डोक्यावर नाही. कापून पाठवलेल्या फोटोत डोकं राहत नाही.

घरच्यांना एक गोष्ट तोंडी सांगतो: मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत केली तर पैसे लागत नाहीत, नंतर विलंब शुल्क आणि धावपळ. त्या दिवसांत हे कोणाच्या ध्यानात नसतं.

7 मे, मंगळवार

मतदान. फळ्यावर चारच ओळी होत्या. वेळ सकाळी 7 ते संध्याकाळी 6. सहाला रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. मतदार चिठ्ठी हे ओळखपत्र नाही, सोबत ओळखपत्र आणा. यादीतलं नाव शोधायला 1950. तिसऱ्या ओळीने सगळ्यात जास्त काम केलं. नुसती चिठ्ठी घेऊन निघालेली म्हातारी माणसं गिरणीपासून घरी परतली आणि आधार कार्ड घेऊन आली. केंद्रावरून परत येण्यापेक्षा ते बरं.

19 मे, रविवार

वळवाने फळा संपवला. वारा उत्तरेकडून आला आणि पाऊस सरळ भिंतीवर. प्लायच्या कडा आम्ही रंगवल्याच नव्हत्या, पुढच्या बाजूलाच सगळे हात दिले होते. पाणी कडेतून शिरलं, थर सुटले, खालची कड बोटभर फुगली. वाळल्यावर रंगाचे पोपडे आले. सुताराने बघितलं आणि नुसती मान हलवली. प्लाय वापरायचंच असेल तर वॉटरप्रूफ घ्या, चारही कडांना आणि पाठीला रंगाचे दोन हात द्या, वर पत्र्याची झड-पट्टी काढा. हे सगळं पहिल्या दिवशी केलं असतं तर शे-दोनशे रुपये वाढले असते.

9 जून, रविवार

आता पत्रा. 20 गेजचा जीआय (गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा, मागे लोखंडी अँगलची चौकट, वर एक फुटाची पुढे आलेली पत्र्याची पन्हाळ. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर रंग थेट धरत नाही. वेल्डिंगवाल्या दादांनी आधीच बजावलं होतं, म्हणून पत्रा पॉलिश पेपरने घासला, जीआयला चालणारा प्रायमर मारला, तोही हलका घासला आणि मग ब्लॅकबोर्ड पेंट. चौकट, पत्रा, रंग आणि मजुरी धरून प्लायच्या दुपटीच्या वर खर्च गेला.

पत्रा भिजत नाही, पण त्याचे स्वतःचे त्रास आहेत. मध्ये आधार कमी पडला तर लिहिताना दबतो आणि खडू उडतो. मागे मधोमध एक आडवी पट्टी वाढवून घ्यावी लागली. पावसाळी हवेत सकाळी पत्र्यावर दव धरतं आणि त्यावर खडू उमटत नाही. आधी कोरड्या फडक्याने पुसायचं, पाच मिनिटं थांबायचं.

30 जून, रविवार

तालमीजवळचं गटार तुंबून पाणी रस्त्यावर येत होतं. अर्ज दिला होता. फळ्यावर लिहिलं: 'तालमीजवळचं गटार. अर्ज 12 जून, आवक क्रमांक अमुक.' बस. नगरपालिकेतले एक कर्मचारी येऊन म्हणाले, ही बदनामी आहे. सरांनी त्यांना शांतपणे विचारलं, यातला कोणता शब्द खोटा आहे ते सांगा, आत्ता पुसतो. ते परत वाचून गेले. दोन दिवसांनी सफाईची गाडी आली. त्याच संध्याकाळी ओळ बदलली: 'गटार साफ झालं, 25 जून.' तीही दोन दिवस ठेवली, कारण काम झाल्याचं लिहिलं नाही तर पुढच्या वेळी कोणी आपलं ऐकणार नाही.

यातून एक नियम मिळाला आणि तो मी कोणालाही सांगेन. फळ्यावर विशेषण नको. 'निष्काळजी', 'ढिसाळ', 'संतापजनक' हे सगळं वाचणाऱ्याच्या मनात येऊ द्या. तारीख, जागा, आवक क्रमांक.

3 जुलै, बुधवार

'लाडकी बहीण'ने फळ्याची खरी परीक्षा घेतली. 28 जूनच्या शासन निर्णयात वय 21 ते 60, शेवटची तारीख 15 जुलै आणि अधिवास प्रमाणपत्र आवश्यक असं होतं. आम्ही तेच लिहिलं. सेतू केंद्रापुढे रांगा लागल्या. पेठेतल्या बायका मजुरी बुडवून अधिवासाच्या दाखल्यासाठी उन्हात उभ्या राहिल्या. कालपासून बातम्या सुरू झाल्या की नियम बदलले. वय 65 पर्यंत, मुदत 31 ऑगस्ट, आणि अधिवासाऐवजी 15 वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला यांपैकी काहीही चालेल.

लिहायचं की थांबायचं? काल रात्री यावर गिरणीत चांगलीच वादावादी झाली. थांबलो तर आज आणखी बायका रांगेत जाणार. लिहिलं आणि बदल कागदावर वेगळा निघाला तर पुन्हा फेब्रुवारीसारखं. शेवटी असं लिहिलं: 'दाखल्यासाठी घाई करू नका. नियम बदलल्याची घोषणा झाली आहे, कागद यायचा आहे. (मंगळ. रात्री 9)'. आज सुधारित निर्णय हातात आल्यावर सबंध फळा पुसला आणि नव्या अटी लिहिल्या. पिवळ्या आणि केशरी कार्डावर उत्पन्नाचा दाखला लागत नाही, ही ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरात.

जुनी अट पुसून नवी लिहिणं पुरेसं नव्हतं. ज्यांनी जुनी वाचली होती त्या सगळ्या पुन्हा गिरणीवर येणार नव्हत्या. म्हणून नववीतल्या दोन मुलींनी संध्याकाळी दारोदार जाऊन सांगितलं. फळ्यावरची चूक किंवा बदल फळ्यावरच दुरुस्त होतो असं समजू नका. जिथपर्यंत जुनी बातमी गेली, तिथपर्यंत नवी पोचवावी लागते.

याच मुली आता गिरणीत थांबलेल्या, वाचता न येणाऱ्या आज्यांना फळा मोठ्याने वाचून दाखवतात. आम्ही सांगितलं नव्हतं.

15 सप्टेंबर, रविवार

गणपतीत फळा विसर्जन मार्गाचा झाला. बंद रस्ते, गाड्या कुठे लावायच्या, ध्वनिक्षेपकाची वेळ. मंडळांना आपापल्या कार्यक्रमांच्या ओळी हव्या होत्या. नाही म्हटलं. एकाचं लिहिलं तर सगळ्यांचं, आणि जागा बाराच ओळींची.

ईद-ए-मिलादच्या सुट्टीचा गोंधळ नोंदवून ठेवण्यासारखा आहे. अनंत चतुर्दशी 17 तारखेला, ईद 16 ला. 'सुट्टी 16 ऐवजी 18' असा निरोप सगळीकडे फिरत होता. मूळ परिपत्रकात ती बदललेली सुट्टी मुंबई शहर आणि उपनगरांसाठी होती. पुढे पाठवताना 'मुंबई' हा शब्द कुठेतरी गळला. शाळेत फोन करून विचारलं, मगच लिहिलं. कोणताही सरकारी निरोप आला की तो कोणत्या जिल्ह्यासाठी आहे ते आधी बघा.

13 ऑक्टोबर, रविवार

पाऊस ओसरला. पत्रा ठीक आहे, पण दबतो, वाजतो, आणि एका कडेने गंज धरायला लागला आहे. काकांनीच सुचवलं की भिंतीवरच पक्का फळा करून घ्या. जुना गिलावा सहा बाय चार फुटांत खरवडून नवा सिमेंटचा गिलावा, त्यावर घोटाई. गवंडी मामा मजुरीत निम्मेच पैसे घेऊन काम करून गेले. त्यांच्या सासऱ्यांच्या निधनाची ओळ आम्ही एप्रिलमध्ये लिहिली होती.

पाणी मारणं सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, त्याच दोन मुलींनी केलं. रंगाची घाई करू नका. नव्या सिमेंटमधला क्षार तेलाच्या रंगाला खातो आणि पापुद्रे सुटतात. महिनाभर वाळू द्यायचं. तोवर पत्रा शेजारच्या खांबाला बांधून काम चालू आहे.

17 नोव्हेंबर, रविवार

विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरपासून आहे. या वेळी नगरपालिकेची माणसं आली, फळ्यावर कोणाचं नाव नाही हे बघितलं आणि पुढे गेली.

काल पक्क्या फळ्याला प्रायमर आणि ब्लॅकबोर्ड पेंटचे दोन हात झाले. एका कोपऱ्यात ओल राहिली होती, तिथे रंग फुगला. तेवढा भाग खरवडून ठेवला आहे, डिसेंबरात परत रंगवू. बाकी फळ्यावर खडू इतका छान बसतो की सर स्वतः लिहायला उठले. आज त्यावर 20 तारखेच्या मतदानाच्या ओळी आहेत, आणि खाली रेशनचा गहू आल्याची.

पत्र्याचा फळा नदीकडच्या आळीला दिला. त्यांच्याकडे गिरणी नाही. त्यांनी रेशन दुकानासमोरची जागा धरली आहे, ती योग्य वाटते, पण भिंत पश्चिमेची आहे. दुपारनंतर चमक येईल, म्हणून पन्हाळ दीड फुटाची करून घ्या असं सांगितलं. रकान्यांची कोरी वहीही सोबत दिली. त्यांनी सकाळी पुसायला दूधवाल्या भाऊंना तयार केलं आहे. रात्रीचं माणूस अजून ठरायचं आहे, ते ठरल्यावर पहिली ओळ लिहितील.